दोन बोटं बाहेर

तारघरातल्या माणसाला शब्द ऐकू येत नाहीत, अक्षरं ऐकू येतात. यंत्र कटकट करतं, हात लिहीत जातो, आणि ओळ पुरी झाल्यावर, सवड असली तरच, आपण काय लिहिलं ते तो वाचतो. खामगावच्या तारघरात मी गेली चौदा वर्षं हेच करतो आहे. दीड महिन्यापूर्वी सकाळी साडेदहाच्या सुमारास मेहकरकडून एक तार आली. पत्त्यात माझंच नाव उमटलं तेव्हा मला वाटलं, बघा, खामगावात आपल्या नावाचा आणखी एक गृहस्थ राहतो आणि आपल्याला पत्ता नाही. पुढचं लिहिलं. कुसुम हे नाव लिहिलं, ती गेली हे लिहिलं, खाली तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं, वेळ टाकली, सही केली. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडं कागद सरकवत म्हटलं, ही लगेच पाठवा, मयताची आहे. त्यानं कागद वाचला आणि नुसता माझ्याकडं बघत राहिला...

कुसुमताई माझी मावसबहीण. तिला भाऊ नव्हता आणि मला बहीण, त्यामुळे मावस हा शब्द आमच्यात फक्त आडनाव वेगळं असण्यापुरता होता. आमच्या बीबी गावात पुढची शाळा नव्हती म्हणून मला खामगावला मावशीकडं ठेवलं. मावसाजी एका जिनिंगच्या गोदामावर होते. दसऱ्यापासून होळीपर्यंत त्या गोदामात रुईच्या गाठी छताला टेकायच्या. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ते रिकामं व्हायचं, आणि तिथून नवा कापूस येईपर्यंत ते ताईचं. उंच पत्रे, दारं लावली की वाऱ्याची झुळूक नाही. मुंबईहून आलेल्या मॅनेजरला बॅडमिंटनचा नाद होता. त्यानं चुन्याच्या रेषा मारून घेतल्या, जाळी बांधली, आणि जोडीला कोणी नाही म्हणून मावसाजींना धोतर खोचून समोर उभं केलं. मावसाजी भिडेखातर खेळायचे आणि भिडेखातर हरायचे. शटल वेचायला बारा वर्षांची ताई. दोन उन्हाळ्यांत तिनं वडलांची त्या जाचातून सुटका केली, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात मॅनेजरसाहेबांना ऑफिसात फार कामं निघू लागली.

मग तिच्यापुढं मी. मी उभा राहायचो तो भिंतीसारखा, पण भिंत निदान शटल परत तरी देते. गोदाम झाडलं तरी रुईची कुसं पत्र्यांखाली तरंगत असायची, पापण्यांवर बसायची. मला एकदा शटल सोडून रुईच्या पुंजक्यावर रॅकेट मारताना पाहून ती खाली बसून हसली होती. म्हणाली, "अबे, रुई हलत हलत येते, शटल ठरवून येते. एवढं नाही समजत तुले?" जुन्या शटलची पिसं सरळ व्हावीत म्हणून ताई ती भाताच्या पातेल्याच्या वाफेवर धरायची. मावशी कपाळाला हात लावायची. आमच्या शाकाहारी घरात कित्येक दिवस भाताला बदकाचा वास येई, आणि तो वास मी आवडीनं खाल्ला आहे.

ताई वीस वर्षांची झाली तोवर नागपूर-अमरावतीकडच्या मुलींत तिला हरवणारी एखाद-दुसरीच उरली होती. बॅडमिंटन नुकतंच आशियाई खेळांत आलं होतं. भारताच्या मुली जातील की नाही हेही नक्की नव्हतं, पण जाणार असल्या तर आधी शिबिर होणार, आणि शिबिरासाठी आमच्या भागातून एक नाव जाणार होतं. नागपूरला त्याचे निवड सामने ठरले. त्याच महिन्यात मेहकरकडच्या साखरखेर्ड्याचं स्थळ आलं. जमीनजुमल्याचं घर, मुलगा शांत, मंडळींना घाई. ताईनं कांगावा केला नाही, रडली नाही. मावसाजी जेवत असताना त्यांच्यापुढं बसून म्हणाली, "शिबिरात नाव लागलं त वर्षभर थांबा. नाही लागलं त तुमी म्हनसान तिथं, म्हनसान तवा." मावसाजींनी घास गिळला आणि ठीक म्हणाले. ते शब्दाचे पक्के. तीही.

नागपूरला मावशी आणि मी बरोबर गेलो. ताई शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली. त्या दिवशी रेषेवर बसून शटल आत की बाहेर ते सांगणाऱ्यांपैकी एक जण आलाच नव्हता. आयोजकांपैकी एका गृहस्थांनी प्रेक्षकांकडं येऊन विचारलं, कोणी बसेल का. हात वर करायची हौस मला लहानपणापासून आहे, शाळेत उत्तर येत नसलं तरी मी करायचो. त्यांनी विचारलं, दोघींपैकी कोणाच्या नात्यात आहात का? मी नाही म्हणालो. आडनाव वेगळं होतंच. खोटं का बोललो म्हणाल, तर तिथून जवळून दिसेल म्हणून. एवढंच कारण होतं, याहून मोठं असतं तर बरं झालं असतं... त्या गृहस्थांनी दोन मिनिटांत सगळं शिकवलं. आत पडलं तर रेषेकडं हात करायचा. बाहेर पडलं तर दोन्ही हात पसरायचे. आणि दिसलंच नाही तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे. मला हसू आलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कडक इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसानं लपाछपी खेळणाऱ्या पोरासारखे डोळे झाकायचे!

तिसरा गेम. ताईचे दहा, समोरचीचे आठ, सर्व्हिस ताईची. अकराला गेम संपायचा, एक पॉइंट हवा होता. बराच वेळ शटल इकडून तिकडे गेलं, आणि मग ताईनं ते समोरचीच्या डोक्यावरून मागं टाकलं, अगदी माझ्या रेषेकडं. ती मुलगी धावत मागं आली आणि शेवटच्या क्षणी तिनं रॅकेट आवरून घेतली, सोडून दिलं. तिची टाच माझ्या आणि रेषेच्या मधे होती. पांढऱ्या कॅनव्हासची टाच, शिवण थोडी उसवलेली. शटल तिच्यामागं पडलं. शटल पडतं तेव्हा आवाज होत नाही. घरंगळून ते बाजूला आलं तेव्हा मला दिसलं, पण घरंगळलेल्या शटलवरून काही कळत नाही. वरच्या खुर्चीतल्या पंचांनी माझ्याकडं मान वळवली. सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. आत म्हणावं, तर उद्या नातं उघडं पडलं की ताईचं नाव कापलं जाईल. डोळे झाकावेत, तर हा बसला कशाला म्हणून लोक हसतील. तेवढ्या वेळात माणूस इतका विचार करू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मी दोन्ही हात पसरले. चांगले लांब पसरले.

ताईनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग हात सलवारीला पुसला आणि शटल जाळीखालून पलीकडं ढकललं. त्यानंतर तिला एकही पॉइंट मिळाला नाही.

परतताना जलंबला गाडी बदलायची होती. खामगावच्या गाडीला वेळ होता. भर दुपार, मावशी बाकावर पदर तोंडावर घेऊन पडलेली. ताई बराच वेळ रुळांकडं बघत होती. मग म्हणाली,

"रम्या, खरं सांग. शटल कुठी पडलं?"

"बाहेर."

"किती?"

"दोन बोटं."

हे दोन बोटं कुठून आलं मला माहीत नाही. नुसतं बाहेर हा शब्द फार उघडा वाटला असावा, म्हणून मी त्याला माप दिलं. तिनं स्वतःची दोन बोटं डोळ्यांसमोर धरली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मंग मनगटानंच दगा देला माह्या." मी तिला शेंगदाण्यांचा पुडा पुढं केला. तिनं त्यातले चार घेतले.

लग्न झालं. ती साखरखेर्ड्याला गेली आणि रडतकढत नव्हे, ताठ मानेनं नांदली. दाजी देवमाणूस. चार एकराची कपाशी ती स्वतः उभी राहून वेचून घ्यायची, गड्यांना हसवायची, दटावायची. पण दोन बोटं तिच्याबरोबर सासरी गेली. तिच्या घरी कुठलंही भांडं काठोकाठ भरलेलं मी पाहिलं नाही. चहाचा कप दोन बोटं कमी, रांजण दोन बोटं कमी, पोरीच्या परकराला दोन बोटं दुमड जास्त. दाजी थट्टेनं म्हणायचे, आमच्या घरी देवाचं निरांजनसुद्धा कधी पुरं भरत नाही. ती म्हणायची, काठावर भरवसा ठेवू नये माणसानं. सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि हातातल्या कपात जी मोकळी जागा असायची तिथून माझी नजर हलायची नाही. तिथल्या शाळेच्या मुलींना तिनं जाळी बांधून खेळ शिकवला. रेषेच्या दोन बोटं आत मारा, म्हणायची. पोरी इतक्या धसकल्या की दोन बोटं म्हणता म्हणता हातभर आत मारू लागल्या. सामन्याला जायच्या आणि हसत हसत हरून यायच्या.

आशियाई खेळ झाले तेव्हा शालू, तिची मुलगी, मांडीवर होती. ताई रेडिओला कान लावून बसली. हॉकी झाली, कुस्त्या झाल्या, धावणं-पळणं झालं, आणि बॅडमिंटनला अर्धं वाक्य आलं. तिला हरवणाऱ्या मुलीचं नाव त्यात नव्हतं. मीही पुढं कित्येक महिने पेपरांत ते शोधलं. सापडलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, नाही सापडलं तरी वाटलं. म्हणजे माझ्या त्या दोन हातांनी एकीला अडवलं आणि दुसरीला कुठंच पोचवलं नाही.

दर भाऊबीजेला मी साखरखेर्ड्याला जायचो, आणि दर वेळी एस.टी.त बसताना ठरवायचो की आज सांगायचं. पहिल्या वर्षी ती नवी नवरी होती. दुसऱ्या वर्षी दिवस गेलेले. तिसऱ्या वर्षी तिनं मांडे केले होते. भरल्या पोटी मला खरं बोलता येत नाही, आणि रिकाम्या पोटी ती राहू देत नसे. अशा सतरा भाऊबीजा गेल्या. लोकांचे निरोप चुकू नयेत म्हणून सरकार मला पगार देतं, आणि माझा एक निरोप सतरा वर्षं माझ्याच खिशात होता. रात्रंदिवस म्हणतात तसं काही नाही, मी जेवतो, झोपतो, पत्ते खेळतो. पण एखादी बाई पायरीवर चप्पल काढायला टाच उचलते आणि मी थांबतो. वाटतं, आता दिसेल त्यामागं काय होतं ते... गेल्या भाऊबीजेला ती जरा पिवळट दिसत होती. एस.टी.पर्यंत सोडायला आली. म्हणाली, "पुढच्या सालाले लवकर ये." मी विचारलं, काऊन? "असंच. तुले लई घाई असते." नंतर कावीळ झाली. आठ दिवसांत गेली.

तेराव्याला गेलो. बाहेर माणसं बसली होती, दाजी त्यांच्यात. शालूनं मला मधल्या घरात बसवून चहा दिला. पंधरा वर्षांची पोर, डोळे सुजलेले, आईसारखे खांदे. कप दोन बोटं कमी होता. मी तो हातात धरून बसलो, आणि जे सतरा वर्षांत जमलं नाही ते त्या पोरीपुढं चहा निवायच्या आत सांगून मोकळा झालो. टाच सांगितली, हात सांगितले, जलंबचं स्टेशन सांगितलं. म्हटलं, तुझ्या आईचं शटल बाहेर होतं की आत, मला माहीत नाही. मी पाहिलंच नव्हतं.

ती रागावेल असं वाटलं होतं. ती जमिनीकडं बघत होती.

"आई म्हने, तुह्या मामाले काई तरी सांगाचं हाये. दरसाल घेऊन येते आन् जेवून वापस नेते."

"काय सांगायचं आहे ते तिला माहीत होतं?"

"नाही मालूम. म्हने, कोनी इचारू नका. त्याचं त्याले सांगू द्या." मग म्हणाली, "तुमी आले का जेवनं झाल्यावर आमाले वावरात धाडे. बाबाले बी. मधलं घर खाली पाहिजे म्हने, तुमच्यासाठी."

मी आठवू लागलो. खरंच, जेवणानंतर त्या घरात कोणी नसायचं. मला वाटायचं शेतीवाडीचं घर, माणसं कामाला गेली. ताई मधल्या घरातल्या खांबाला टेकून सुपात तूर घेऊन बसायची आणि एक शब्द बोलायची नाही. ते गप्प बसणं मला सोसायचं नाही, म्हणून मी तारघरातल्या गमती सांगायचो. कुणाची तार कुठं गेली, कोणत्या शेटजींनी पेढ्याऐवजी काय वाटलं. ती हसायची. प्रत्येक गमतीला हसायची, आणि हसून झाल्यावर सुपातला हात तसाच ठेवून थोडा वेळ माझ्याकडं बघायची. मला वाटायचं, तिला पुढची गंमत हवी आहे. मी सांगायचो.

शालूनं कप उचलला. धाकट्या भावाला हाक मारली, दाराशी जाऊन बापाला काहीतरी म्हणाली, आणि मला म्हणाली, "आमी वावरात जाऊन येतो मामा." तेराव्याच्या दिवशी कोणी वावरात जात नाही. पण ती गेली, आणि जाताना मधल्या घराचं दार ओढून घेतलं.

मी खांबासमोर बसलो. बाहेर माणसं बोलत होती, आत काही ऐकू येत नव्हतं. तोंड उघडलं. परवा तारघरात काय झालं माहीत आहे का ताई, असं म्हणून मी एक गंमत सांगितली... सांगून झाल्यावर, तिला हसायला जेवढा वेळ लागे तेवढा थांबलो.