विमल तोंड उघडते तेव्हा

मी, कुसुम आणि विमल, बालाघाटच्या मुलींच्या शाळेतल्या तिघी, आता नातवंडंवाल्या झालो आहोत. तरी भेटलो की चहा निवायच्या आत जुने किस्से निघतात. एक सांगावा तर त्याचं बोट धरून दुसरा येतो. आमची नवरेमंडळी तेवढ्यात हळूच उठून बाहेर जातात.

*

विमल चारचौघांत बोलायचीच नाही. लोक बघताहेत म्हटलं की तिचं तोंड बंद. हजेरीला नुसता हात वर करायची. आमच्या बहनजी खाली मान घालून हजेरी घ्यायच्या. "उपस्थित" ऐकू आलं नाही की गैरहजर! महिनाअखेर घरी चिठ्ठी गेली, मुलगी महिनाभर शाळेत नाही.

तिचे बाबा भरवेलीच्या खाणीत कारकून. दुसऱ्या दिवशी तडक वर्गात आले. "रोज डबा घेऊन निंगते, मंग जाते कुठं?" बघतात तर लेक पहिल्या बाकावर!

बहनजींनी विचारलं, "घरी बोलते का हो?"

"आमच्या घरी पोरी तोंड वर करून बोलत नाहीत," बाबा अभिमानानं म्हणाले.

त्या दिवसापासून बहनजी मान वर करून हजेरी घेऊ लागल्या.

*

मग आम्ही विमलला सुधारायचं मनावर घेतलं. कुसुमनं तिला बोरवालीकडे पाठवलं. "फक्त भाव इचारजो. आमी हाओत ना मागं."

विमल टोपलीसमोर जाऊन उभी राहिली, ती उभीच. शेवटी म्हातारीनं तिच्या ओंजळीत बोरं घातली आणि पैसेही घेतले नाहीत. "मुकी हाये बिचारी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुसुम मात्र बोरं खात म्हणाली, "उद्या पेरू आनाले बी इलेच पाठवू."

*

माझंही काही फार बरं नव्हतं. पानठेल्यावर चारजण बसलेले दिसले की मी मागच्या गल्लीनं लांबून जायची. आईला वाटलं, पोरीचं काहीतरी प्रकरण आहे. एक दिवस ती गुपचूप मागे आली. गल्लीत मी, दोन शेळ्या आणि आई!

"काहून व, इकडून काहून?"

"लोक पाहतात मले."

आईनं माझा हात धरला, मला पानठेल्यावरच नेलं आणि स्वतःसाठी पान लावून घेतलं. बाईमाणूस भर रस्त्यात पान खातंय, हे बघायच्या नादात माझ्याकडे कुणी बघितलंच नाही.

*

अकरावी झाली. विमलला मास्तरीण व्हायचं होतं. ऐकून आम्हीच हसलो. ती म्हणाली, "मले लेकरायची भीती नाही वाटत. मोठ्यायची वाटते."

ट्रेनिंगचा फॉर्म आणला. सोमवार शेवटचा दिवस, आणि बाबा सही देईनात. "चार लोकांत नाव सांगता येत नाही तुले, शिकवशील काय?" तिच्या आत्यानं तर फॉर्मच उचलून ठेवला आणि रविवारी गोंदियाचं स्थळ आणलं.

मी आणि कुसुम पोहे करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात, दाराच्या फटीला डोळे लावून. मुलाच्या मामांनी विमलला केस सोडायला लावले, सुईत दोरा ओवायला लावला. आत्या कौतुकानं सांगत होती, "पोरगी लय गरीब हाये. तोंडातून शब्द नाही."

मला वाटलं, ही आता गोंदियाला जाणार आणि जन्मभर गप्प बसणार.

मामा म्हणाले, "जरा दारापर्यंत चालून दाखव."

विमल दारापर्यंत गेली, परत आली, बसली, पदर सारखा केला. मग मुलाकडे सरळ बघून म्हणाली, "आता तुमी चालून दाखवा."

कुसुमच्या हातातला झारा तसाच राहिला. मागे कढईत मोहरी जळत होती, कुणाला शुद्ध नव्हती. मामा लालबुंद झाले. आणि तो मुलगा, बिचारा, खरंच उठला! दारापर्यंत गेला, परत आला आणि उभाच राहिला.

"चांगलं चालता," विमल म्हणाली. "पन मले ट्रेनिंगले जायचं हाये."

बाबांनी लेकीकडे पाहिलं, समोरच्या चार लोकांकडे पाहिलं. मग खिशातलं पेन काढलं आणि आत्याला म्हणाले, "बाई, थो फॉर्म कुठं ठेवला?"