कलेक्टर नावाचा वळू आणि सरकारची हद्द

ही हकीकत सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं. निवृत्त झालो तेव्हा मित्र म्हणाले, डॉक्टर, नोकरीतले अनुभव लिहा. लिहिले. विहिरीत पडलेली म्हैस लिहिली, साप चावलेलं शिंगरू लिहिलं, साहेबांच्या कुत्र्याची गोष्ट तर दोनदा लिहिली. त्या सगळ्यांत मी हुशार दिसतो. ही एक राहिली, कारण हिच्यात हुशार दिसायची काही सोय नाही.

तर कलेक्टर खोड्यात उभा होता. मी त्याच्या मागे उभा होतो आणि माझ्या हातात चिमटा होता.

कलेक्टर हे वळूचं नाव. देवणी जातीचा, पांढराशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळा. मालक गंगाधरराव सोनकांबळे, शिक्षण दहावी, चार एकर कोरडवाहू. मी नाव कुणी ठेवलं असं विचारलं तेव्हा म्हणाले, "गावानं. ह्याच्या दारात समद्यालाच रांगेत हुबं रहावं लागतंय म्हणून."

मी गुरांचा डॉक्टर. देवणी पट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात होतो. गावाचं नाव देत नाही. माझ्या चुकीसाठी गावाला कशाला ओळख द्यायची?

आता माझी दुसरी ओळख. लातूरला दर रविवारी आमचं एक अभ्यास मंडळ भरायचं. वकील, प्राध्यापक, दोन-तीन व्यापारी आणि मी. माझा ठरलेला विषय होता, ‘सरकारची हद्द’. मी सांगायचो, सरकारची कामं तीनच. चोर पकडणं, न्याय देणं, सीमा राखणं. बाकी सगळं माणसांवर सोडा. दोन माणसं आपखुशीनं व्यवहार करत असतील आणि तिसऱ्याचं नुकसान होत नसेल, तर सरकारनं मधे येण्याचं कारण नाही. परवाना नावाची गोष्ट लोकांच्या भल्यासाठी निघते, पण शेवटी ज्याला आधी मिळाला त्याच्याच सोयीची होते. टाळ्या पडायच्या. एकदा एका वकिलानं विचारलं, "डॉक्टर, तुम्ही सरकारी पगार घेता. मग राजीनामा कधी?"

"पेन्शन लागल्यावर," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा तो मला विनोद वाटला होता.

गंगाधरराव एकदा तहसिलीच्या कामासाठी लातूरला आले होते. मीच त्यांना मंडळात नेलं. शेवटच्या रांगेत बसून त्यांनी वहीत काहीबाही उतरवून घेतलं. मला फार बरं वाटलं. माझं भाषण वहीत उतरवून घेणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

त्याच सुमारास वरून मोहीम आली. निकृष्ट वळूंचं खच्चीकरण. वाचकांसाठी सांगतो. गावोगाव नोंद नसलेले वळू असतात. त्यांच्यापासून पैदास झाली तर जात बिघडते, असं आमचं खातं मानतं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मोकाट वळू दुसऱ्याच्या गाईवर गेला, तर तो दुसऱ्यावर अन्यायच आहे. म्हणून अशा वळूंना पैदाशीतून बाद करायचं. त्याला एक चिमटा असतो. भला मोठा अडकित्ता समजा, फक्त धार नसलेला. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही. आतली नस तेवढी चेंगरते. दोन मिनिटांचं काम. वळूचा बैल होतो.

यादीत कलेक्टरचं नाव होतं. कारण दोन. त्याच्या आईच्या दुधाची नोंद नव्हती, कारण ती गाय बाजारातून आणलेली. आणि डाव्या कुशीवर तळहाताएवढा तांबूस डाग होता. आमच्या फॉर्मात तांबूस रंगाला रकाना नव्हता.

तिसरं कारण फॉर्मात नव्हतं. गावात नोंदणीकृत वळू एकच, व्यंकटरावांचा. व्यंकटराव मोठे बागायतदार. गाय लावायची फी त्यांनी ठरवलेली, वेळही त्यांचीच. सोनकांबळ्यांच्या वस्तीतली गाय आली की त्यांचा वळू नेमका थकलेला असायचा. आमच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाची सोय होती म्हणा, पण गाय माजावर येते ती दवाखान्याची वेळ बघून येत नाही. कलेक्टर मोठा झाला आणि हे सगळं बदललं. गंगाधरराव पाच पेंढ्या कडबा घेत, नसला तर तेही नाही. कुणालाही परत पाठवत नसत. वर्षभरात वरच्या आळीतली माणसंसुद्धा गाय घेऊन वस्तीवर येऊ लागली. त्यांच्या अंगणात बाजेवर बसून, त्यांच्या घरचा चहा पिऊन, नंबर येईपर्यंत थांबू लागली. गंगाधररावांच्या वडिलांना या माणसांच्या ओट्यावर कधी बसता आलं नव्हतं. मी हे पाहिलं होतं. गंगाधरराव त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त अंगणात दोन बाजा नव्या आणून टाकल्या.

व्यंकटरावांनी अर्ज केला. विनानोंद वळूमुळे जातिवंत पैदास धोक्यात.

मी गंगाधररावांकडे गेलो. म्हणालो, "अर्ज आलाय."

"मोकाट हाय का माझा वळू?"

"नाही."

"कुणाच्या वावरात गेला?"

"नाही."

"गायवाला आपल्या पायानं येतो, आपल्या मर्जीनं जातो." त्यांनी आतून वही आणली. "हे बघा, तुमचंच वाक्य हाय. दोन माणसं आपखुशीनं. आता तुमीच सांगा, ह्याच्यावर सरकारचा हक किती?"

"काहीच नाही," मी म्हणालो. भाषणात म्हणायचो तसं, हात थोडा वर करून.

"मंग मी न्हाई म्हणलो तर?"

"तर मी परत जाईन. तुमच्या संमतीशिवाय कुणी हात लावणार नाही. हा माझा शब्द."

त्यांनी चहा पाजला. मी फार उंच होऊन परत आलो.

तिसऱ्या दिवशी लातूरहून साहेबांचा फोन.

"त्या वळूचं काय झालं?"

"सर, मालकाची संमती नाही."

"संमती घ्यायची असते डॉक्टर, मागायची नसते. वरून विचारणा आहे."

"सर, तत्त्वाचा प्रश्न आहे."

साहेब अगदी मायेनं म्हणाले, "किनवटची जागा रिकामी आहे. हवा चांगली आहे म्हणतात. जंगल आहे. विचार करायला निवांत वेळ मिळतो."

किनवटला काही माणसं राहत नाहीत असं नाही. पण लातूरला माझं घर नुकतंच उभं राहिलं होतं, फरशी बसवायची बाकी होती. माझी सगळी तत्त्वं त्या फरशीपाशी येऊन थांबली.

पण तत्त्ववादी माणूस नुसता घाबरत नाही, तो कारण शोधतो. मला दोन दिवसांत सापडलं. मी नोकरीचा करार आपखुशीनं केला आहे. करार पाळणं हा स्वातंत्र्याचा पाया आहे. म्हणजे हुकूम पाळणं हेच माझ्या तत्त्वाला धरून आहे! हा मुद्दा इतका सुंदर होता की मी तो पुढच्या भाषणासाठी लिहून ठेवला.

संमती मात्र अजून नव्हती. त्याच आठवड्यात लाळ-खुरकुताची लस द्यायची होती.

वस्तीवर खोडा होता. खोडा म्हणजे जनावर हलू नये म्हणून चार खांबांची चौकट. सगळी गुरं झाली, शेवटी कलेक्टर. मी दोन कागद पुढे केले. एक लसीचा. गंगाधरराव चष्मा शोधायला घरात निघाले.

"राहू द्या हो," मी म्हणालो. "लसीचंच आहे. उशीर होतोय."

त्यांनी दोन्हींवर सही केली. तहसिलीतला कागदसुद्धा दोनदा वाचणारा माणूस. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी न वाचता सही केली.

माझा परिचर खाजामियाँ. तीस वर्षं नोकरी झालेला. माझ्या पिशवीतला चिमटा त्यानं पाहिला आणि हळूच म्हणाला, "साब, रविवारची तुमची तकरीर तर दुसरीच होती."

"पाय धर," मी म्हणालो.

गंगाधरराव पुढे वेसण धरून, कलेक्टरच्या कपाळावर हात फिरवत उभे होते. मी मानेत दोन इंजेक्शनं दिली. एक लसीचं, एक भुलीचं.

"दोन कशापायी?"

"एक ताकदीचं आहे."

हो, मी असं म्हणालो. दुसरे कितीतरी शब्द होते.

मग मी मागे गेलो. भूल चढू दिली. चिमटा लावला, मिटवला. आवाज येतो. वाळकी काडी मोडावी तसा. एकदा, मग दुसऱ्या बाजूला एकदा. कलेक्टरचे मागचे पाय लटपटले.

पुढून गंगाधररावांचा आवाज आला. "डॉक्टर, लस मानेत देत्यात ना?"

ते वेसण सोडून मागे आले. माझ्या हातातला चिमटा बघितला. जनावरं पाळणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. मला वाटलं, आता शिव्या देतील, अंगावर येतील. मी त्याचंही उत्तर तयार ठेवलं होतं, करारवालं.

आमच्याकडे रीत आहे. डॉक्टरनं जनावर बघितलं की मालक साबण देतो आणि हातावर पाणी ओततो. गंगाधररावांनी तांब्या आणला, साबणाची वडी दिली आणि माझ्या हातावर पाणी ओतलं. माझे हात स्वच्छच होते. चिमट्यानं रक्त येत नाही.

मी निघालो तेव्हा एवढंच म्हणाले, "कलेक्टरचा शिपाई केलात की हो."

अहवालात लिहिलं, ‘मालकाच्या लेखी संमतीने’. साहेबांनी शाबासकी दिली. सहा महिन्यांनी माझी बदली झाली. किनवटला. हवा खरंच चांगली होती.

वस्तीवर काय झालं ते मला खाजामियाँकडून कळत राहिलं. कलेक्टर गाडीला जुंपला. गायवाले यायचे थांबले. व्यंकटरावांचा वळू पुन्हा थकू लागला. वस्तीतल्या गाई त्या वर्षी बऱ्याचशा भाकड राहिल्या. दोन नव्या बाजा गंगाधररावांनी घरात घेतल्या. अंगणात ठेवून काय करायच्या?

माझी भाषणं चालूच राहिली. पण एक अडचण येऊ लागली. मी ‘सरकार’ म्हणालो की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुंबई-दिल्लीच्या इमारती येत असणार. मला खोडा दिसायचा. त्या दिवशी तिथे सरकार म्हणून दुसरं कुणी नव्हतंच. कायदा कुठेतरी कागदात, साहेब फोनवर, मंत्री तर खिजगणतीत नाही. चिमटा माझ्या हातात होता. हद्द आखायची होती ती माझ्या मनगटाला, आणि मी ती वर्षानुवर्षं नकाशात शोधत होतो.

निवृत्त झाल्यावर ठरवलं, जाऊन माफी मागायची. गेलो. गंगाधरराव विहाराच्या दारात भेटले. संविधान दिनाचा कार्यक्रम होता. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला की काय, मला आजही ठरवता येत नाही. हात धरून आत नेलं आणि माईकवर सांगितलं, "हे आपले डॉक्टर. सरकारची हद्द ह्या इषयावर लई भारी बोलतेत."

आणि मी बोललो! माफी मागायला गेलेला माणूस चाळीस मिनिटं बोलला. टाळ्या पडल्या. शेवटी गंगाधररावांनी शेवटच्या रांगेतून हात वर केला. "डॉक्टर, मालकाला न इचारता सरकारला त्याच्या जिनसाला हात लावता येतो का?"

"नाही," मी म्हणालो.

"बस. तेवढंच पोरास्नी ऐकवायचं होतं," ते म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्यांदा गेलो ते गेल्या दिवाळीनंतर. या वेळी वाक्य पाठ करून गेलो होतो. अंगणात कलेक्टर बांधलेला होता. म्हातारा झालेला, शिंगं झुकलेली, कुशीवरचा तांबूस डाग तसाच. मी तोंड उघडलं तेवढ्यात गंगाधरराव म्हणाले, "बरं झालं आलात. गाय रात्री व्यायली, वार अडकलीय. दवाखान्यात कुणी न्हाई. आदी ते बघा."

मी सदराच काढून ठेवला, म्हणजे बाह्या वर करायला नकोत. तासभर लागला. वयामुळे दम लागला. वार सुटली, गाय उभी राहिली, वासराकडे वळली. माझे हात कोपरापर्यंत भरले होते.

गंगाधरराव तांब्या आणि साबण घेऊन आले. मी ओणवा झालो. ते धार धरून उभे राहिले.

"गंगाधरराव," मी म्हणालो.

"हाव, बोला."

"त्या दिवशी, खोड्यापाशी..."

पाण्याची धार थांबली. मी मान वर केली नाही. तांब्याच्या काठावरून एक थेंब पडला, मग अजून एक.

"अजून टाकू का पाणी?" त्यांनी विचारलं.

"टाका," मी म्हणालो.