मुहूर्ताची ओळ

रविवार, जानेवारीचा दुसरा. ठिकाण: जळगावबाहेर आमच्या लॅबच्या मागचं वांग्यांचं वावर. निमित्त: कंट्रोलचा निरोप, म्हणून भरीत. हजर: मी, बाटल्यांवर काम करणाऱ्या सगळ्या मुली, रेश्मा धरून, सोनगीरहून कंट्रोलचे वडील नाना, रावेरहून हर्षल आणि त्याचे आजोबा आबा, शिवाय स्वतः कंट्रोल. गैरहजर: कोणी नाही. भरिताला बोलावलं आणि आला नाही, असा माणूस मी खानदेशात अजून पाहिलेला नाही.

वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजत होती. मुलींपैकी कुणीतरी म्हणालं, पऱ्हाट्यांवर भाजलं की भरिताला वेगळीच चव येते. कंट्रोल लगेच म्हणाली, "असेल. पण गॅसवर भाजलेलं कुठाय?" आबांनी कपाळाला हात लावला. "पोरी, आज तरी मुकाट्यानं जेव," ते म्हणाले.

तिचं नाव पडलं ते याच सवयीमुळे. आमची लॅब केळीची रोपं तयार करते. चांगल्या झाडाचा कोंब घ्यायचा, त्याचे तुकडे बाटल्यांत वाढवायचे, आणि एका आईची हजारो सारखी लेकरं शेतकऱ्यांना द्यायची. असल्या कामात प्रयोग चालूच असतात, आणि प्रत्येक प्रयोगात काही बाटल्या तुलनेसाठी बाजूला ठेवतात. त्यांना नवीन काही घालायचं नाही, नेहमीचंच द्यायचं. त्या गटाला म्हणतात कंट्रोल. धुळ्याच्या कॉलेजातून बीएस्सी करून ही मुलगी आमच्याकडे आली आणि हा शब्द तिने लॅबच्या दाराबाहेर काढला. एकीने सोळा सोमवार केले आणि तिच्या भावाला नोकरी लागली. हिने विचारलं, "सोमवार न केलेल्यांच्या भावांना लागली नाही का?" एकीने केसांना कांद्याचा रस लावला. "अर्ध्याच डोक्याला लाव, मग सांग." आठवडा झाला नाही तोवर रेश्माने तिचं नाव कंट्रोल ठेवलं, आणि मीसुद्धा हजेरी घेताना तेच म्हणू लागले.

मला अशा मुली आवडतात. पण त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नसतं. आमच्याकडे जुन्या मुलींचं ठाम मत होतं की अमावस्येला बाटल्यांत बुरशी जास्त धरते. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. कंट्रोलने काही महिने लक्ष ठेवलं आणि एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ताई, बुरशी धरते, हे खरं आहे. पण अमावस्येला दोघी-तिघी सुट्टी घेतात. मधल्या जागा रिकाम्या, म्हणून उरलेल्या लांब लांब बसतात आणि लांबून बोलायचं म्हणजे मास्क खाली करून ओरडतात."

"मग?"

"जंतू तोंडात असतात, चंद्रात नाही."

त्या दिवसापासून अमावस्येला कुणालाही सुट्टी नाही. मुली हिच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. बुरशी कमी झाली.

आता गंमत ही की हिचे वडील, सोनगीरचे नाना, पत्रिका बघतात. शेती आहे, पण माणूस ओळखला जातो तो पंचांगासाठी. किल्ल्याच्या बाजूला त्यांचं घर आहे. ओट्यावर सकाळी लोक येऊन बसतात. कुणाला लग्न जुळवायचं, कुणाला विहिरीचा दिवस हवा. नाना पैसे मागत नाहीत आणि गोडही बोलत नाहीत, म्हणून लोकांचा विश्वास. अशा घरात ही प्रश्न विचारत वाढली. मी एकदा नानांना म्हटलं, तुमची मुलगी तुमचं काहीच मानत नाही, राग नाही येत? ते शांतपणे म्हणाले, "ताई, तिनी पत्रिकामाच लिखेल शे, ती पत्रिका मानाव नही." मुलगी पत्रिका मानणार नाही, हे तिच्या पत्रिकेतच लिहिलं आहे म्हटल्यावर वाद घालायचा कुणाशी? कंट्रोल हसली आणि म्हणाली, "नानांना हरवता येत नाही."

तरी तिने वडिलांना कधी खोटं म्हटलं नाही. रेश्मा एकदा नानांच्या धंद्यावरून काही बोलली तेव्हा हिचा आवाज चढला. "मी विचारते, ते माझं काम. तू हसायचं नाहीस."

हर्षल आमच्याकडे आला तो रोपं न्यायला, कांदेबागाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीच्या लावणीच्या वेळी. गाडी भरून तयार, आणि साहेब निघेनात. मी कारण विचारलं. म्हणाला, आबा म्हणतात मुहूर्त बघून लावायचं आणि रावेरचे जोशीबुवा गावाला गेलेत. माझं शेड अडकलं होतं, म्हणून मी कंट्रोलला म्हटलं, तुझ्या वडिलांना फोन लाव, दिवस काढून घे आणि याला वाटेला लाव. तिने फोन लावला, दिवस काढून घेतला, आणि मग हर्षलला विचारलं, "मुहूर्तावर लावलेली केळी जास्त येते?"

"आबा म्हणतात."

"आणि न लावलेली?"

"ती कोणी लावतच नाही ना, मॅडम."

"मग आबांना कळलं कसं?"

शेतकऱ्याचा मुलगा, घाईत, गाडीचं भाडं चढतंय. चिडायला हवा होता. तो मात्र विचारात पडला. म्हणाला, "दोन ओळी लावतो. एक तुमच्या वडिलांच्या मुहूर्ताची, दुसरी तुम्ही म्हणाल त्या दिवसाची." तिने वडिलांना परत फोन करून सगळ्यांत वाईट दिवस विचारून घेतला. रोपं दोन्हीकडे एकाच आईची. पाणी सारखं, खत सारखं, कोणत्याच ओळीला कुणी वेगळं काही द्यायचं नाही. अशा अटींवर प्रयोग ठरला. रेश्मा त्यांच्याकडे बघत होती. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर म्हणाली, "हे केळीचं नाहीये, ताई."

मी म्हटलं, केळीचंच आहे. मी चुकले.

नंतर हर्षल पानांचे फोटो पाठवू लागला. प्रत्येक फोटोत झाडाशेजारी तो स्वतः उभा, आणि शर्ट दर वेळी नवीन इस्त्रीचा. रेश्मा मोबाईलमध्ये डोकावून म्हणायची, "पानाचा फोटो आहे ना? मग लाजतेस कशाला?" कंट्रोल म्हणायची, "झाडाची उंची कळावी म्हणून तो उभा राहतो. तो स्केल आहे." झालं. रावेरच्या त्या सज्जन मुलाचं नाव लॅबमध्ये स्केल पडलं. त्याला ते माहीत नव्हतं. एकदा मीच त्याच्या तोंडावर म्हणून गेले.

महिन्यातून एकदा आम्ही शेतकऱ्यांच्या बागा बघायला जातो. रावेरच्या फेरीत कंट्रोल कधी चुकली नाही. दोघं ओळींच्या मधून चालायची आणि बोलायची पानांबद्दल. मी मागून ऐकलं आहे, खरंच पानांबद्दल. पिवळी रेघ कशामुळे, बुंध्याजवळची पिल्लं कधी कापायची. एवढ्या कोरड्या विषयावर एवढं हळू बोलणारी माणसं मी पाहिली नव्हती. एकदा परतताना जीपमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताई, त्या दिवशी जोशीबुवा गावात असते तर?" मी म्हटलं, "तर माझं शेड लवकर रिकामं झालं असतं." ती म्हणाली, "हेच. न झालेलं बघायची सोयच नाही." प्रेमात पडल्यावर लोक शेर पाठवतात. हिला कंट्रोल ग्रुप नाही याचं दुःख.

थंडी संपता संपता हर्षलने घरी लग्नाचं सांगितलं. आबांना मुलगी पसंत होती. त्यांच्याशी वाद घालणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी फक्त रीतीप्रमाणे पत्रिका मागितली. पत्रिका बघितली नानांनीच, आणि नाडी एक निघाली. मुलामुलीची नाडी एकच आली तर लग्न करू नये, असं पत्रिका बघणारे मानतात. नानांनी आपल्या हाताने अशी कितीतरी लग्नं मोडली होती. दुसरा बाप असता तर त्याने कानाडोळा केला असता. नाना तसे नव्हते. ते मुलीला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण ओट्यावरून लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवून उठतात. माझ्याच घरी मी तो शब्द पाळला नाही, तर त्यांना काय सांगू?"

 दुसऱ्या दिवशी कंट्रोल लॅबमध्ये आली, कामाला बसली आणि दिवसभरात तिने कुणालाही काहीच विचारलं नाही. मुली घाबरल्या.

तोड काढली आबांनी. त्यांच्या बोलीत ळचा य होतो. ते म्हणाले, "केयच ठरवील. मुहूर्ताच्या ओयीपेक्षा हिची ओय चांगली आली, तर पत्रिका पाहाचं कारण नाही. मी सवता सोनगीरले जाऊन नानांना सांगतो. नाही आली, तर नानांचा शब्द मोठा." नानांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हणजे एका मुलीचं लग्न आणि एका बापाचा शब्द, दोन्ही एकाच बागेत उभं. रावेरला बातमी पसरली आणि येणारे-जाणारे बांधावर थांबून दोन्ही ओळी बघू लागले.

बाग निसवली, झाडांतून केळफुलं बाहेर पडली, घड भरले आणि कापणीच्या दिवशी आम्ही सगळे हजर झालो. नानाही आले होते, टोपी हातात घेऊन. घड काट्यावर चढू लागले. मुहूर्ताची ओळ, मग दुसरी. दोन्ही सारख्या. एखादी फणी इकडे, एखादी तिकडे. हर्षलचा चेहरा पडला. पण आबा वजनाकडे बघतच नव्हते. ते बाकीच्या बागेकडे बघत होते.

"साऱ्या बागात ह्या दोनच ओयी हत्तीवानी कशा काय?"

 आबांनी नातवाकडे पाहिलं. हर्षल मान खाली घालून म्हणाला, "मी सकाळी तिच्या ओळीला निंबोळी पेंड टाकायचो. रोज नाही."

"आन् मुहूर्ताच्या ओयीले?"

"त्या ओळीला नाही टाकली, आबा. शपथ."

सगळ्यांचे डोळे फिरत फिरत कंट्रोलवर आले. ती लाल झाली होती. मला तिची पर्स आठवली. रावेरच्या फेरीला ती पर्स इतकी जड असायची की मला वाटायचं डब्यात ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी आहेत. त्यात आमच्याच शेडमधलं गांडूळखत होतं. दर फेरीला ही बाई मुहूर्ताच्या ओळीला खत घालत होती.

नाना दोन पावलं पुढे आले. "मुहूर्तना केळीसले खत तू टाकं? कसाले?"

"नही ते तुम्हना मुहूर्त हारी जाता, नाना."

एवढंच ती बोलली. दुसरी ओळ जिंकली तर हिचं लग्न होणार होतं, आणि ही पहिलीला खत घालत होती, बाप हरू नये म्हणून. मुहूर्ताच्या घरातला मुलगा विज्ञानाच्या ओळीला पेंड घालत होता, ही मिळावी म्हणून. दोघांनी मिळून एक चांगला प्रयोग नासवला होता. आबा बांधावर बसले आणि हसू लागले. पोट धरून, डोळे पुसत. "पत्रिका ठेवा बासनात," ते म्हणाले. "ह्या दोघांचं जुळलं नाही म्हनता?"

नाना हसले नाहीत. त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. मग मुलीला म्हणाले, "नाडी एक शे. ते काही बदलाव नही. कोनी इचारं ते मी सांगसु, नाडी एक शे, अन् तरी बी मी पोर दिधी."

आणि ते सांगतात. सोनगीरच्या ओट्यावर जो विचारील त्याला, न विचारता कधीकधी. लोक यायचे कमी होतील असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटं. ज्यांच्या पत्रिका जुळत नाहीत ती माणसं आता लांबून लांबून, पिंपळनेरहूनसुद्धा, नानांकडे येतात. नाना वैतागले आहेत. ते पत्रिका पूर्वीसारखीच कडक बघतात, दोष असेल तर तोंडावर सांगतात, आणि लोक म्हणतात, "ते कळलं, नाना. पण तुमच्या मुलीचं कसं केलंत ते सांगा."

लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आहे. साडेतीन मुहूर्तांतला तो दिवस. दिवसभर मुहूर्त, वेगळा काढावा लागत नाही. नाना म्हणतात मुहूर्तावर लग्न लागतंय. कंट्रोल म्हणते मुहूर्त काढलेलाच नाही. दोघंही खूश आहेत. त्याआधी ती तमिळनाडूत केळीवरच संशोधन करायला चालली आहे, लग्नापुरती येणार आणि परत जाणार. हर्षलला याबद्दल विचारलं तर म्हणाला, "ताई, बाग इथं आहे म्हणून मी इथं. नाहीतर मी उंची दाखवायला तिथंही उभा राहिलो असतो."

भरीत संपल्यावर मुली रडून घेत होत्या. मी भांडी मोजत होते. कंट्रोल माझ्याजवळ आली. मला वाटलं, नमस्कार करील. ती म्हणाली, "ताई, तो प्रयोग बाद झाला."

"लग्न ठरलं ना तुझं?"

"लग्न वेगळं. मुहूर्तावर लावलेली केळी जास्त येते की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. परत लावायला पाहिजे. नानांनाही सांगितलंय मी. ते दिवस काढून देणार आहेत." मग तिने अटी सांगितल्या. हर्षलचं शेत नको. कुणाचा नातेवाईक नको. ज्याला कुठलीही ओळ जिंकली तरी सारखंच, असा शेतकरी शोधायचा. "तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही," म्हणाली आणि मग नमस्कार केला.

रोपं मी काढून ठेवली, एकाच आईची, दोन ट्रे, प्रत्येक ओळीचा एक. कामं वेळेत संपवायची मला सवय आहे. पण रावेरपासून धुळ्यापर्यंत ज्याला विचारावं, त्याला ही गोष्ट आधीच माहीत असते. अर्धे म्हणतात, नानांची ओळ जिंकली पाहिजे, बिचाऱ्याने मुलीसाठी केवढं केलं. अर्धे म्हणतात, पोरीची जिंकली पाहिजे. एक जण म्हणाला, मला काही फरक पडत नाही. पण जाताना हळूच विचारून गेला की मुलीची ओळ कुठली असणार. मी स्वतःच्या दोन गुंठ्यांत लावली असती, पण काल शेडमध्ये पाणी घालताना एका ट्रेपाशी माझा हात जरा जास्त थांबला, तेव्हा मीही बाद.

रोपं हातभर झाली आहेत. शेतकरी अजून मिळायचा आहे.