मुळे आणि मुले

नाटे गावच्या एका निवृत्त गुरुजींनी बावीस वर्षं मासेमारीतले शब्द जमवले. नोंदी जुन्या फॉन्टमध्ये होत्या आणि छपाईला त्या युनिकोडमध्ये हव्या होत्या. हे रूपांतर करणारा प्रोग्रॅम त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने लिहिला होता. तो फक्त गुरुजींच्या जुन्या लिनक्स संगणकावर चाले आणि खाऱ्या हवेने गंजलेला तो संगणक दहा मिनिटांत बंद पडे. गुरुजी ऐंशीचे होते. पुस्तक हातात घ्यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी रत्नागिरीत एका दैनिकात उपसंपादक होतो. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आलं.

प्रकाशकाने पुण्याहून तज्ज्ञ पाठवला. त्याने गुरुजींच्या घरी नवा संगणक आणला. त्यावरचं लिनक्स वेगळ्या घराण्याचं होतं. प्रोग्रॅम सुरूच होईना, एक लायब्ररी सापडत नाही म्हणे. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमनी मिळून वापरायची सामाईक फाइल. एक लिनक्स ती /usr/lib64 मध्ये ठेवतं, दुसरं आणखी एक पायरी आत, वेगळ्या फोल्डरात. नावाच्या शेवटी आवृत्तीचा आकडा असतो. प्रोग्रॅमला दोन नंबरची हवी होती, नव्या संगणकावर तीन नंबरची होती. तज्ज्ञाने तिसरीला दुसरीचं नाव देऊन टाकलं. या कामाला पाच मिनिटं लागली. कोकणातली माणसं काळाच्या मागे कशी, हे सांगायला पाऊण तास लागला.

मुद्रितं आली. पहिल्याच पानावर होतं : ‘मुले – ओहोटीला बायका खाडीतून काढतात. उकडून खातात.’

गुरुजींनी लिहिलं होतं मुळे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. तिसऱ्या आवृत्तीत अक्षरांचा तक्ता सरकला होता. सगळ्या पुस्तकातले ळ ल झाले होते. मी फोन केला. आपल्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालतंय, असं तज्ज्ञ म्हणाला. नोंद वाचून दाखवली, तेव्हा त्याने सरसकट ल चे ळ करून टाकायला सांगितलं. म्हणजे लाटेची ळाट. फोन स्पीकरवर होता आणि मुद्रितं बघायला रत्नागिरीला आलेले गुरुजी शेजारी बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, आमच्याकडे मुळे उकडतात हो. मुलं शाळेत धाडतात.”



रविवारी मी नाट्याला गेलो. जुना संगणक चौथ्या खेपेला सुरू झाला. प्रोग्रॅम लायब्ररी कुठून उचलतो, ते एका आज्ञेने कळतं. दोन नंबरची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि दोन मिनिटांत संगणक बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला नाही. नव्या संगणकावर ती फाइल प्रोग्रॅमशेजारी ठेवली आणि आधी इथे बघ, अशी एक ओळ लिहिली. तज्ज्ञाला एवढंच करायचं होतं.

गुरुजींनी पडद्यावर बोट ठेवून वाचलं, “मुळे.” मग पुढची नोंद मागितली.

पुस्तक निघालं. ऋणनिर्देशात तांत्रिक साहाय्य म्हणून तज्ज्ञाचं नाव घालावं, असा प्रकाशकाचा आग्रह होता. त्याच्या आडनावात ळ आहे. कसं छापायचं, असं मी गुरुजींना विचारलं.

“त्यांच्या मशीनवर येतं तसं.”

अख्ख्या पुस्तकात तेवढा एकच ल चुकीचा आहे. मुद्रितात तो मला दिसला होता.