मनांग कोन्सिंगचा कान

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या सरकारी इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड आहे. तिथे कोन्सिंग एकतीस वर्षं नर्स होती आणि डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, मनांग म्हणायचे. दुपारी तीनच्या सुमारास ती खुर्चीत बसल्या बसल्या पाच मिनिटं डुलकी काढी. कुणी हटकलंच तर म्हणे, "डोळे झोपतात गं, कान जागा असतो."

त्या कानाचा तिला भारी तोरा. नव्या पोरी मॉनिटरचा आवाज बंद करून ठेवत. दिवसभर टिकटिक ऐकून डोकं उठतं त्यांचं. कोन्सिंग आली की चहा नंतर, आधी प्रत्येक मॉनिटरचा आवाज बारीक चालू करायची.

"मनांग, आकडा दिसतोय की समोर!"

"आकडा डॉक्टरांनी बघावा. मी ऐकते."

डिसेंबरात रोदेलची मुलगी आली. अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मलेली, वजन नऊशे ग्रॅम. आई जोसलिन रक्तदाबाने खालच्या मजल्यावर आडवी, म्हणून बाळाला उघड्या छातीशी धरून बसायची पाळी बापावर आली. आईबापांची नावं जोडून नावही ठरलं होतं, रोजेलिन. रोदेल जानेवारीतल्या दिनाग्यांग सणाच्या मिरवणुकीत ढोल वाजवणारा. त्यांच्या पथकात चाळीस ढोल. एकाचा हात जरा मागेपुढे झाला की स्पर्धेत सगळ्यांचे गुण जातात. असल्या माणसाच्या कानाशी पोरीच्या काळजाची टिकटिक दिवसभर चालायची.

दुसऱ्याच दिवशी तो हिरमुसून म्हणाला, "मनांग, हिला तालच नाही हो. मधेच धावते, मधेच रेंगाळते. आमच्या घरात असं कुणी नाही."

"देवाची कृपा म्हण."

कोन्सिंग वळली तसा तो बाळाच्या पाठीवर दोन बोटांनी हळूच ठेका धरू लागला. तिने परत येऊन त्याच्या हातावर चापट मारली.

"पोरीला पथकात घेतोयस होय रे? ऐक. प्रवासी जीपनीचा ड्रायव्हर गाडी कशी चालवतो? खड्डा आला, ब्रेक. माणूस दिसलं, ब्रेक. रस्ता मोकळा, की पाय ॲक्सिलरेटरवर. काळजाचंही तसंच. श्वास घेतला की जरा पळतं, सोडला की जरा थांबतं. हिच्या नसा अजून कच्च्या आहेत, ब्रेकवरचा पाय नीट पोचत नाही, म्हणून बिचारी शिकतेय. शिकू दे. बाजारातून एकाच वेगाने गाडी चाललीय म्हणजे काय समजायचं?"

"काय?"

"ड्रायव्हर झोपलाय."

रोदेलने मान डोलावली. पटलं मात्र नाही. तिची पाठ वळली की बोटं चालूच.

बाराव्या दिवशी, दुपारी तीन वाजता, तो आनंदाने ओरडला, "शिकली! मनांग, शिकली! ऐका तर खरं, दहा मिनिटं झाली, एक ठोका इकडचा तिकडे नाही!"

शेजारच्या बाया कौतुकाने हसल्या. कोन्सिंग दचकून जागी झाली. तिने ऐकलं आणि एका नव्या पोरीला डॉक्टरकडे पिटाळलं. टिक, टिक, टिक, टिक, अगदी घड्याळ. नोकरीच्या पहिल्या वर्षी असंच एक शहाणं काळीज तिने ऐकलं होतं. किती छान चाललंय, असं ती त्याच्या आईला म्हणाली होती, आणि सकाळी ते बाळ नव्हतं. त्या आईचा चेहरा ती कधीच विसरली नाही.

डॉक्टर व्हिएल धावत आला. पोरगा हुशार, पण वय कोवळं. "ठोके एकशे पंचावन्न, ऑक्सिजन ठीक, ताप नाही. मनांग, बाळ आजारी आहे असं कशावरून म्हणताय?"

"आवाजावरून."

"रिपोर्टमध्ये हे काय म्हणून लिहू?"

"म्हातारीने डोकं खाल्लं म्हणून लिही. पण आत्ता रक्त घे आणि जंतूंवरचं औषध सुरू कर."

मनांगशी वाद घालण्यात अर्धा तास जातो, हे व्हिएलला ठाऊक होतं. त्याने रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता औषधही सुरू केलं. संध्याकाळ व्हायच्या आत रोजेलिन दोनदा श्वास घ्यायची विसरली. रक्तात जंतू सापडले. पण तोवर औषध तिच्या अंगात पोचलं होतं.

रोदेल दाराबाहेर भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. "मी ताल शिकवला म्हणून झालं का हो हे?"

"तुझ्या दोन बोटांत एवढा जोर असता तर पहिलं बक्षीस नसतं का मिळालं दरवर्षी?" कोन्सिंग त्याच्याशेजारी जमिनीवर टेकली. तिचे गुडघे कुरकुरले. पुढचं बोलणं तिच्या जिवावर आलं होतं. "तोतो, पोरा, खरं सांगू? मी झोपले होते. कानसुद्धा. तू ओरडला नसतास तर मला कळलं नसतं."

एकतीस वर्षांचा तोरा तिने अशा रीतीने एका ढोलवाल्यापुढे उतरवून ठेवला. लाज वाटली तिला, पण हलकंही वाटलं.

पुढचे तीन दिवस पोरगी घड्याळासारखीच चालली. रोदेल बाळाच्या काचेच्या पेटीशेजारी हात मांडीखाली दाबून बसे, चुकूनही ठेका धरला जाऊ नये म्हणून. पथकाचे फोन आले, ते त्याने घेतले नाहीत. चौथ्या दिवशी बाळ पुन्हा त्याच्या छातीवर आलं. पाचव्या दिवशी दुपारी तो एकदम ताठ झाला.

"मनांग... चुकली." त्याने मॉनिटरकडे बोट केलं. "आत्ता पळाली. आता थांबली. पुन्हा चुकली! मनांग, काय मस्त चुकतेय हो!"

डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसतोय. कोन्सिंगने वाकून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग घड्याळ पाहिलं, तीन वाजले होते. तिने आपली खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला चिकटवली आणि पाय लांब केले.

"पाच मिनिटं तू ऐक," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.