बसस्टॉपवरच्या खुर्च्या

बाबा गेल्यानंतर आई नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, क्युपर्टिनोला आली. पहिले काही आठवडे ती घरातच होती. मी आणि नवरा कामात, मुलगी शाळेत. आणि इथे गाडी चालवता येत नसेल तर माणूस जाणार कुठे? एक दिवस ती एकटीच कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि दुपारी हसऱ्या चेहऱ्याने परतली.

कोपऱ्यावर बसस्टॉप होता. म्हणजे नुसता खांब. ना बाक, ना छप्पर. आमच्या भागातल्या चिनी आजीआजोबांनी तिथल्या झाडाखाली घरच्या जुन्या खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. नातवंडं सांभाळायला आलेली ही माणसं, बसने चिनी बाजारात जाणारी. बस निघून गेली तरी काही जण बसूनच राहत. आईला बघून एका आजींनी शेजारची खुर्ची थोपटली होती, एवढंच.

मग ती रोज जाऊ लागली. दोडक्याच्या शिरा कशा काढायच्या, गुडघ्याला काय चोळायचं, सगळं हातवाऱ्यांनी चाले.

एका सकाळी खुर्च्या नाहीशा झाल्या. फूटपाथवर अडथळा होतो म्हणून सिटीची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, माणसं त्या घेऊन गेली होती. मी आईला म्हटलं, इथले नियम कडक असतात, आता सोडून दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर आमच्या डायनिंग टेबलाची एक खुर्ची गायब. मी धावत कोपऱ्यावर गेले. झाडाखाली पूर्वीपेक्षा जास्त खुर्च्या होत्या, आणि आमच्या खुर्चीवर आई बसली होती. समोर ट्रक उभा करून सिटीचा कर्मचारी शांतपणे विचारत होता, या खुर्च्या कुणाच्या?

पहिल्या दिवशी खुर्ची थोपटणाऱ्या त्या आजी म्हणाल्या, "आवर्स."

आईनेही तेच म्हटलं. मी तिला हळूच घरी चल म्हणाले.

"अगं, यांना उभं राहवत नाही, मलाही नाही," ती म्हणाली. "बसायला जागा मागतोय, दुसरं काय?"

तो माणूस जरा घुटमळला आणि ट्रक घेऊन निघून गेला. पुढे सिटी कौन्सिलच्या मीटिंगला सगळे म्हातारे बसनेच गेले, आईही. आजींच्या नातीने सगळ्यांचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं. काही महिन्यांनी तिथे छप्पर आलं, बाकही आले. आता शाळेतून येणारी मुलं तिथे बसतात, कुत्रा फिरवणारे टेकतात. इतकी वर्षं त्या कोपऱ्यावरून मी रोज गाडीने जात होते. तिथे थांबावं असं कधी वाटलंच नव्हतं. या माणसांनी मात्र येताच रस्त्याचं अंगण केलं.

आईने परतीचं तिकीट पुढे ढकललं. आजी तिला बाजारातले जिवंत मासे दाखवायला नेणार होत्या. आई जन्माची शाकाहारी. म्हणाली, बघायला काय हरकत आहे.