चांगले जंतू

बहिणीला शौचावाटे रक्त पडत होतं. पोलादपुरात आधी आव ठरली, मग मूळव्याध, मग पुन्हा आव. दोन वर्षं गोळ्या बदलत राहिल्या आणि ती काटकुळी होत गेली. दोन हजार सालाच्या आसपास मी तिला मुंबईला सरकारी रुग्णालयात नेलं. दुर्बिणीने तपासून डॉक्टर म्हणाले, मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत.

"कशामुळे?" मी विचारलं.

"नक्की कुणालाच ठाऊक नाही. आतड्यात जंतू सगळ्यांच्याच असतात, पुष्कळसे उपयोगी. काहींचं शरीर त्यांच्याशीच भांडायला लागतं, असा एक अंदाज आहे. ते राहू दे. या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. सूज भडकली तर आतडं काढावं लागेल."

कुडपणच्या आमच्या घरात शिकलेला मी एकटा. महाडला कचेरीत कारकून, वाचनालयाचा सभासद. सत्कारसमारंभातल्या वक्त्यांची टिंगल करण्यात माझा हातखंडा होता. मुंबईहून परतलो त्या संध्याकाळी ओटीवर मात्र मीच वक्ता झालो. शेजारीपाजारीही जमले होते. चांगले जंतू, वाईट जंतू, त्यांचा समतोल, सगळं सांगितलं. 'अंदाज' हा शब्द भाषणात अडचणीचा वाटला, तो गाळला. दह्यातही असेच चांगले जंतू असतात, हे पदरचं घातलं.

"म्हंजे ताकातच औषध हाय म्हन की!" आई म्हणाली.

"तसंच काहीसं."

आमच्या वाडीत कुणाचं दही बिघडलं की शेजारून विरजण आणतात. म्हणजे सगळ्या घरांत फिरून फिरून एकच दही. ते खाऊन वाडीतले म्हातारे अजून डोंगर चढतात, हा आईचा पुरावा. त्यात दोन महिन्यांत गोळ्यांनी बहिणीचा चेहरा सुजून गोल झाला, आणि तिला बघायला पाहुणे यायचे होते. मी महाडला होतो. आईने गोळ्या बंद केल्या आणि दोन्ही वेळा ताक सुरू केलं.

महिन्याभराने गेलो तर चेहऱ्याची सूज बरीच उतरलेली.

"दादा, आता कसा दिसतो चेहरा? पावन्यांना दावण्यासारखा?" बहीण म्हणाली.

"पाहुण्यांनी हुंडा द्यावा असा," मी म्हणालो. गोळ्यांचं विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तिला ताप भरला, पोट टणक फुगलं. चौघांनी डोलीतून खाली उतरवलं, तिथून जीपने मुंबई. मोठं आतडं पूर्ण काढावं लागलं. पोटावर पिशवी आली, ती जन्माची. पाहुण्यांना येऊ नका म्हणून आम्हीच निरोप धाडला.

वॉर्डात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?"

"कोनी नाय, सायेब," आई म्हणाली. "मी अडानी बाई. माझ्याच डोक्यात आलं."

बहीण डोळे मिटून पडली होती. ती जागी होती.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले दिसता. घरच्यांना नीट समजावून सांगत जा."

"हो," मी म्हणालो.